आधी हवेची वाट, मग पंख्याचा वेग: नागपूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेट थंड ठेवताना

होळी झाली की माझ्याकडे एकाच तक्रारीचे कॉम्प्युटर यायला लागतात. रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून चित्र तयार करायचं काम) अर्ध्यावर आलं की मशीन बंद पडतं, गेम थोडा वेळ नीट चालतो आणि मग अडखळतो, पंखे तर शेजारच्या खोलीत ऐकू येतात. आणलेला माणूस बहुतेक वेळा एक उपाय घरीच करून आलेला असतो: सगळे पंखे शंभर टक्क्यांवर. फरक पडत नाही म्हणून मग तो आणखी दोन पंखे घ्यायला निघतो. ते पैसे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितेय. आधी हवेची वाट मोकळी करा, मग आत शिरणारी हवा किती गरम आहे ते बघा आणि वेगाला सगळ्यात शेवटी हात लावा. एवढा क्रम पाळला तर मे महिन्यातही मशीन न ओरडता चालतं.

पंख्याच्या हातात किती आहे

खोलीतली हवा आत आणायची आणि तापलेली बाहेर काढायची, पंख्याचं काम एवढंच. त्यामुळे कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. खोली ४० अंशांवर असेल तर चाळीसच्या वरचंच सगळं गणित. आपल्या हातात असतो तो फक्त वरचा फरक, म्हणजे आतली हवा खोलीपेक्षा किती अंशांनी जास्त तापते तो.

तो फरक काढायला सोपा हिशोब आहे. मशीन जोरात चालताना किती वॅट खातं ते घ्या, त्याला दोनाने गुणा आणि किती अंश वाढ चालेल त्याने भागा. उत्तर येतं सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा कॅबिनेटमधून जायला हवी ते. (थंडीत दोनाऐवजी १.८ धरलं तरी चालतं. गरम हवा विरळ असते, तेवढीच उष्णता वाहून न्यायला ती जास्त लागते.)

नेहमीचं मशीन घेऊ: रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. हे ग्राफिक्स कार्ड १७० वॅट खातं, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ च्या आसपास, बाकी मदरबोर्ड, एसएसडी, एसएमपीएसमधली (वीज पुरवणाऱ्या डब्यातली) गळती धरून ३०० वॅट म्हणू. आतली हवा १० अंशांनी तापली तर चालेल असं ठरवलं तर ६० सीएफएम पुरते. वाढ ५ अंशांवर आणायची तर १२० लागते. अडीचवर आणायची तर २४०. पहिल्यांदा हवा दुप्पट केली तेव्हा पाच अंश मिळाले, दुसऱ्यांदा दुप्पट केली तेव्हा अडीच. पुढे सव्वा. पंखे शंभरवर नेऊनही आकडा का हलत नाही, याचं निम्मं कारण इथेच आहे. तुम्ही आधीच त्या टप्प्यावर असता जिथे जास्तीच्या हवेने फार काही उरत नाही.

पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र या हिशोबात जसाच्या तसा धरू नका. तो मोकळ्या हवेतला असतो, समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला. आर्क्टिकच्या पी१२ वर १८०० आरपीएमला (मिनिटाला १८०० फेऱ्यांना) ५६.३ सीएफएम लिहिलेलं असतं. तोच पंखा धुळीची जाळी, समोरचं पॅनल आणि आतल्या वायरी यांच्यामागे बसला की मी निम्मंच धरते, आणि माझा अनुभव असा की ते धरणं वाजवी ठरतं.

वेग वाढवल्यावर नक्की काय वाढतं

पंख्याचे तीन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते. दाब, म्हणजे जाळीतून हवा रेटायची ताकद, चौपट होते. आणि पंख्याला लागणारी वीज आठपट. उलट दिशेनेही तेच: वेग निम्मा केला की हवा निम्मी, दाब चौथाई, वीज अष्टमांश.

आवाज याहून तीव्रतेने बदलतो. वेग निम्म्यावर आणला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला की कानाला तो जवळपास निम्मा वाटतो. आता एकासारखे एक दोन पंखे शेजारी लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे पूर्ण वेगातल्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगातले दोन लावले तर हवा तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलने कमी होतो. संथ फिरणारे मोठे किंवा जास्त पंखे, हा माझा पहिला सल्ला यामुळेच असतो. कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरची जागा असेल तर १२० चा घेऊच नका.

पण यात एक अडसर आहे, आणि तो दाबाचा. निम्म्या वेगात दाब चौथाईवर येतो. समोर दाट जाळी, रेडिएटर किंवा बंद काच असेल तर संथ पंखा नुसता जागच्या जागी हवा घुसळत राहतो. म्हणून वेग कमी करण्याआधी अडथळा कमी करावा लागतो.

काच, जाळी आणि एक रेंडरचं मशीन

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतली एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी मशीन घेऊन आली. ‘ताई, तीन पंखे पुढे आहेत, एक मागे, सगळे फुल्ल केले, तरी कार्ड ८० च्या खाली येत नाही.’ पुढे सुंदर काच, त्यामागे रंगीत दिवे, आणि हवा शिरायला काचेच्या दोन्ही कडांना करंगळीही न जाणारी फट.

अशा वेळी मी आधी काही बदलत नाही, फक्त मोजते. खोलीत थर्मामीटर ठेवला, ३८ अंश. तिचंच रेंडर वीस मिनिटं लावलं, कारण कॅबिनेटमधलं तापमान स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. दोन मिनिटांत वाचलेला आकडा काही सांगत नाही. पंखे ७० टक्क्यांवर असताना कार्ड ८३. शंभरवर नेले, ८१. म्हणजे कानठळ्या बसवून दोन अंश. मग पंखे परत ७० वर आणून पुढची काच काढून ठेवली. कार्ड ७५. शेवटी बाजूचं झाकणही काढलं, तेव्हा ७३.

हे आकडे नीट बघा. झाकण आणि काच दोन्ही काढल्यावर १० अंश उतरले, त्यातले ८ एकट्या काचेचे होते. पंखे चांगले होते, कार्ड चांगलं होतं, चिपवरची थर्मल पेस्टही ठीक होती. हवेला आत यायला वाट नव्हती. नवं कॅबिनेट घ्यायचं तिचं बजेट नव्हतं, म्हणून काचेच्या चार स्क्रूंमागे दहा मिलिमीटरचे नायलॉनचे स्पेसर घातले आणि काच तेवढी पुढे आणली. त्यानंतर ६० टक्क्यांवर कार्ड ७७ ला थांबलं, आणि शेजारी बसून बोलता यायला लागलं.

ही चाचणी कोणीही घरी करू शकतं. तेच काम, तेवढाच वेळ, आधी झाकण लावून आणि मग काढून. दोनतीन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेटमधून हवा नीट वाहतेय. दुखणं हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती), थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) किंवा त्यांच्यात अडकलेल्या धुळीत आहे. पाचपेक्षा जास्त उतरलं तर वाट अडलेली आहे. खोलीचं तापमान प्रत्येक वेळी शेजारी लिहून ठेवा आणि दोहोंतला फरक ताडून बघा, कारण सकाळचे ३२ आणि दुपारचे ४१ यांची नुसती तुलना करण्यात अर्थ नाही. आणि हो, बरं वाटतं म्हणून झाकण कायमचं काढून ठेवू नका. धूळ तर जातेच, पाली आत शिरून एसएमपीएसवर मेलेल्या मी काढलेल्या आहेत.

उदबत्ती लावून वाट बघा

हवा डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. खोलीतला पंखा आणि कूलर बंद करा, मशीन चालू ठेवा आणि पेटलेली उदबत्ती कॅबिनेटच्या कडेकडेने हळू फिरवा, साधारण तीन बोटं लांबून. राख आत जाऊ देऊ नका. पुढच्या जाळीपाशी धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. मागच्या पंख्यापाशी तो झटकन दूर फेकला गेला पाहिजे. मग मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाखालच्या रिकाम्या पट्ट्यांपाशी न्या. तिथे धूर आत जात असेल तर आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी जास्त आहे, आणि उरलेली हवा फटींमधून, न गाळता, धुळीसकट शिरतेय. आपल्याकडच्या धुळीत मला हे चालत नाही. आत आणणारे पंखे थोडे जास्त ठेवायचे, बाहेर फेकणारे थोडे कमी, म्हणजे फटींतून हवा बाहेर येते आणि धूळ जाळीवर अडते.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवलेलं असतं, मागे फळी किंवा भिंत. मागून निघालेला धूर भिंतीवर आपटून, टेबलाखालून वळून, थेट पुढच्या जाळीत शिरताना दिसतो. मशीन स्वतःचीच फेकलेली हवा पुन्हा पीत असतं. फ्रीजमध्ये लावतात तसा वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याच्या वायरीचं टोक पुढच्या जाळीसमोर टांगा. खोली ३६ आणि जाळीसमोर ४३, असं मी पाहिलंय. हे सात अंश कोणत्याही महागड्या पंख्याने भरून निघत नाहीत. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून निदान वीतभर लांब ठेवा, झालं.

पंखे कुठे आणि कोणत्या तोंडाने

पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या चार आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतात. नव्याने जोडताना हे दोनदा तपासा, उलटा बसलेला पंखा बाकीच्यांचं केलेलं काम वाया घालवतो.

नेहमीच्या कॅबिनेटमध्ये पुढून आत, मागून बाहेर, ही वाट पुरेशी आहे. दोन पुढे आणि एक मागे एवढ्यावर ३०० वॅटचं मशीन व्यवस्थित चालतं. पुढच्या दोनांतला खालचा पंखा ग्राफिक्स कार्डाला थेट हवा देतो, आणि आपल्या उदाहरणात निम्म्याहून जास्त उष्णता कार्डाचीच आहे, म्हणून चांगला पंखा खाली लावा. छतावर बाहेर फेकणारा पंखा लावायचाच तर मागच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या कूलरच्या मागे. छताच्या पुढच्या भागात लावलात तर पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो ती वर ओढून घेतो. एसएमपीएस तळाशी असेल तर त्याचा पंखा खालच्या जाळीकडे तोंड करून, पण कॅबिनेट सतरंजीवर किंवा गादीवर ठेवू नका.

मग वेगाकडे वळा

वेग मदरबोर्डवरून बदलता यायला हवा असेल तर पंखा आधी मदरबोर्डला जोडलेला पाहिजे. हे मुद्दाम सांगतेय, कारण स्वस्त रंगीत पंख्यांचा संच अनेकदा थेट एसएमपीएसच्या मोलेक्स पिनेला (चार जाड पिनांच्या वीजजोडणीला) जोडलेला असतो. तो कायम पूर्ण वेगात फिरतो आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसतही नाही.

चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनेवरून वेगाचा हुकूम जातो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलावा लागतो, त्याला बायोसमध्ये डीसी मोड आहे. तीन पिनांचा पंखा लावून मोड पीडब्ल्यूएमवर राहिला तर पंखा पूर्ण वेगात फिरत बसतो, आणि लोक पंखाच खराब म्हणून परत करायला जातात. एका जोडणीवर दोनतीन पंखे लावणार असाल तर त्यांच्या अँपिअरची बेरीज करा; बहुतेक मदरबोर्डवर एका जोडणीची मर्यादा १ अँपिअर असते.

आता वेगाचा आलेख, फॅन कर्व्ह. असूसमध्ये तो क्यू-फॅन नावाखाली मिळेल, गिगाबाइट आणि एमएसआयमध्ये स्मार्ट फॅन. मूळ सेटिंगमध्ये कॅबिनेटचे पंखे बहुधा प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. याचे दोन त्रास होतात. प्रोसेसरचं तापमान एक ब्राउझर उघडला तरी क्षणात पंधरा अंश उसळतं, त्याबरोबर पंखे वर-खाली होतात, आणि तो चढउतार सततच्या आवाजापेक्षा जास्त छळतो. दुसरा त्रास गेममध्ये: तापतं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर निवांत, आणि कॅबिनेटचे पंखे झोपलेले.

पहिल्यावर उपाय म्हणजे बायोसमधला विलंब, तो चारपाच सेकंद ठेवा. दुसऱ्यासाठी विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात प्रोसेसर आणि कार्ड यांपैकी ज्याचं तापमान जास्त, त्यावर पंखा चालवता येतो, आणि काही सेकंदांची सरासरीही घेता येते. मी साधारण असा आलेख लावते: ५५ अंशांपर्यंत ४० टक्के, ७० ला ५५, ८० ला ७५, ८५ च्या पुढे शंभर. मधला चढ सौम्य ठेवायचा. खाली २५-३० टक्क्यांच्या आत जाऊ नका, काही पंखे तिथे थांबतात आणि पुन्हा सुरू व्हायला अडतात.

आपल्याकडे मात्र एक आलेख वर्षभर पुरत नाही. जानेवारीत पहाटे खोली १५ अंशांवर असते, मेमध्ये दुपारी ४० वर. पंचवीस अंशांचा हा फरक जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरच्या आकड्यात उतरतो. हिवाळ्यात बसवलेला आलेख मेमध्ये नुसता ईमेल वाचतानाही पंखे वर चढवतो, कारण मशीन रिकामं असतानाच ५५ ला टेकलेलं असतं. म्हणून बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन करा. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये सगळ्यात खालचा बिंदू दहा अंशांनी उजवीकडे सरकवा, वरचा ८५ चा बिंदू मात्र तिथेच राहू द्या. ती सुरक्षेची रेघ आहे, ऋतूनुसार हलत नाही. रायझन ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, त्याच्या जवळ गेलं की तो स्वतःच वेग उतरवतो.

रायझन ७६००एक्ससारखे नवे प्रोसेसर घेतलेल्यांनी घाबरू नये. पूर्ण कामावर ते ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. तिथे पंखा वाढवलात तर तापमान बहुधा तेवढंच राहील, प्रोसेसर थोडा जास्त वेगाने चालेल. त्यांच्यासाठी तापमानापेक्षा रेंडरला लागलेला वेळ मोजा.

धूळ आणि कूलर

जाळी भरली तरी स्क्रीनवर आरपीएम नेहमीसारखाच दिसतो, म्हणून आकड्यावर विसंबू नका. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पुढची जाळी काढून नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा ब्लोअरने त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो, बेअरिंग खराब होतं. घराजवळ कापसाची गोदामं किंवा जिनिंग असेल तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये तंतूंचा नमदा बसतो, तो ब्लोअरने निघत नाही. पंखा उतरवून मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेने ओढून काढावा लागतो.

आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. कोरड्या मे महिन्यात तो खोली ४२ वरून ३० च्या आसपास आणतो, म्हणजे बारा अंश एका फटक्यात, आणि तेवढेच जवळपास कार्डाच्या आकड्यातून उतरतात. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार मदरबोर्डवर पांढरा थर धरून बसतो. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि हवा थंड व्हायची थांबते. जूनच्या शेवटी पाऊस लागला, हवा ओली झाली, की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, आणि त्याच दिवशी बायोसमधलं उन्हाळ्याचं प्रोफाइलही बदलून टाका.